पुसून घे

कॉम्प्युटर बंद करू नका, असं पडद्यावर लिहून आलं होतं. मी कुठं बंद केला? लाइन गेली. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात एप्रिल महिन्याच्या दुपारी लाइन जाते यात कोणाला नवल वाटत नाही, मलाच तेवढा विसर पडला. टेबलाखालचा यूपीएस एकदा टूं करून गप्प झाला. त्याची बॅटरी केव्हाच मेली होती, आणि बदलू बदलू म्हणून मी ती तशीच ठेवली होती.

आमचा हा कॉम्प्युटर बाबा रिटायर झाले तेव्हाचा. सिंचन खात्यात जन्म गेला त्यांचा, आणि निरोपाच्या दिवशी ऑफिसातल्या लोकांनी सांगितलं की आता घरी बसून कॉम्प्युटर शिका. ते काही शिकले नाहीत. ते गेले आणि मायच्या पेन्शनची कामं माझ्यावर आली, ती मी याच्यावर करायचो. घरात त्याला सगळे डब्बा म्हणतात. बरा चालत होता बिचारा. पण यंदा पेन्शनची साइट उघडेना, तुमची सिस्टीम फार जुनी आहे म्हणे. जुनी आहे तर आहे, तुम्हाला काय त्रास होतो? पण साइटशी कोण भांडणार. नवी सिस्टीम टाकायचं ठरवलं. ती जड असते असं ऐकलं म्हणून एक नवी रॅमही आणून बसवली. सिस्टीम टाकताना पडद्यानं विचारलं, तुमच्या फाइली ठेवायच्या का? मी ठेवा म्हटलं, आणि चहा घ्यायला उठलो.

लाइन आल्यावर बटण दाबलं तर पंखा फिरला, दिवा लागला, आणि पडदा काळाच्या काळा. आतून एक लांब शिट्टी आली, मग पुन्हा एक. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुकर झाला वाटते." मला हसू नाही आलं. कारण माय दारात येऊन उभी होती आणि हातानंच विचारत होती, काय झालं?

आमच्या मायला बोलता येत नाही. काही वर्षांमागं तिच्या घशात गाठ निघाली आणि नागपूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला एक छिद्र आहे, त्यातून ती श्वास घेते, आणि त्यावर जाळीचा रुमाल बांधलेला असतो. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते आणून दिलं होतं. एकदा लावलं, तिचं तिनंच ऐकलं, आणि डबीत घालून माळ्यावर टाकलं. तेव्हापासून तिच्याजवळ पाटी-पेन्सिल असते. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकली आहे. लिहायचा कंटाळा येतो म्हणून दोन शब्दांत भागवते.

आणि ही बाई अशी बोलकी होती म्हणून सांगू. लांजीकडच्या खेड्यातली. बालाघाटात येऊन चाळीसच्या वर वर्षं झाली तरी तिनं आपली बोली सोडली नाही. आम्ही नोकरदारांच्या कॉलनीत राहायचो, तिथं लोक पुस्तकातली मराठी नाहीतर सरळ हिंदी बोलायचे. माय मात्र भाजीवाल्यापासून बाबांच्या साहेबापर्यंत सगळ्यांना काहून, कवा, मले, तुले. लहानपणी मला लाज वाटायची. आवाज तर असा, की मी चौकात असलो तरी घरून हाक ऐकू यायची.

ऑपरेशनच्या आधी घरी पाठवलं होतं, तेव्हा मी बाजारातून माइकवाला हेडफोन आणला आणि तिला डब्ब्यासमोर बसवलं. म्हटलं, माय, बोल. ती म्हणाली, "कोन हाय तिकडे?" मी म्हटलं, कोणी नाही, तूच बोल. "कोनी नाही तं मी का भिताडासंग बोलू?" हे सगळं त्यात भरलं गेलं. मी म्हटलं, लग्नानंतर लांजीहून कशी आली ते सांग. तिनं दोन वाक्यांत बस आटपली आणि पुढं किती तरी वेळ माहेरच्या म्हशीबद्दल बोलत राहिली. ती म्हैस कशी फक्त तिच्याच हाताला दूध द्यायची आणि ती सासरी आल्यावर कशी आटली. मधेच म्हणाली, "हे बंद कर आता, लाइट जळून राह्यला."

मग बायकोला सुचलं. ती म्हणाली, म्हशीचं ठीक आहे, पण रोजच्या कामाचं थोडं थोडं भरून ठेवा. म्हणून तिनं मायकडून लहान लहान बोलणी वेगळी भरून घेतली. कोन? जेवली काय? पोट्टे कसे हायत? मंग कवा येतं? आणि शेवटी, ठेव आता, बिल चढून राह्यलं. फोनचं बिल चढणं कधीच बंद झालं होतं, पण मायचं नाही. बायकोनं या सगळ्या फाइली पडद्यावर समोरच मांडल्या आणि प्रत्येकीखाली मोठ्या अक्षरात नाव लिहिलं.

बहीण गोंदियाला असते, तिचा रोज दुपारी फोन येतो. ऑपरेशननंतर माय डब्ब्यासमोर स्टुलावर बसायची, मोबाइल स्पीकरजवळ ठेवायची, बहीण बोलली की नीट ऐकून घ्यायची आणि मग माउसनं बरोबर ती फाइल दाबायची. जेवली काय? तिकडून बहीण सांगायची, जेवली माय, भेंडी केलती. पोट्टे कसे हायत? असा त्यांचा संसार चालायचा. एकदा बहीण शेजारणीचा नवरा गेल्याचं सांगत होती आणि मायचा हात चुकला. तिकडं ऐकू गेलं, मंग कवा येतं? बहीण आधी काय म्हणाली, मग हसायला लागली. माय पण हसली. ती हसते तेव्हा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात.

मोबाइलमध्ये टाकून देतो, असं मी तिला म्हटलं होतं. तिनं पाटीवर लिहिलं, मोबाइल हरपते, डब्बा हरपत नाही. विषय संपला. आता सगळे मला म्हणतात, कॉपी काहून नाही केली? अरे, नाही केली. भिंतीवरच्या घड्याळाची कोणी कॉपी करतं का? रोज समोर असलेली वस्तू जाईल असं माणसाला वाटत नाही.

तर तो काळा पडदा. मी मायला म्हटलं, काही नाही, होते सुरू. आधी मॉनिटरची वायर काढून लावली. मग दुसऱ्या प्लगला लावून पाहिलं. मग बाजूचं झाकण उघडलं. आत इतकी धूळ, की बायको फडकं घेऊन आली तिला मी खेकसलो, हात लावू नको. ती म्हणाली, "मी नाही लावत. पण तुम्ही लावून राह्यले त्यानं तरी सुरू झाला काय?" हिला असं बरोबर वेळेला सुचतं.

नवी रॅम काढली. शिट्टी तशीच. जुनी रॅम काढली, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला खोडरबर घासला, फुंकर मारली आणि कट आवाज येईपर्यंत दाबून बसवली. बटण दाबलं. शिट्टी एकदाच वाजली, छोटी, आणि पडदा उजळला. मी टाळी वाजवली असेल, कारण माय धावत आली. पडद्यावर ठिपके गोल गोल फिरत होते. ती स्टूल ओढून माझ्याजवळ बसली. ठिपके फिरतच राहिले. मग निळा पडदा आला, सिस्टीम दुरुस्त करतो आहे म्हणाला, मग दुरुस्त होत नाही म्हणाला, मग आपोआप बंद पडून पुन्हा ठिपके. आम्ही दोघं ते बघत बसलो. तिसऱ्यांदा निळा आला तेव्हा मायनं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि उठून गेली.

पुढचे काही दिवस बहिणीचा फोन आला की बायको मधे बसायची. माय पाटीवर लिहायची, बायको वाचून दाखवायची. बायकोचा आवाज गोड आहे, पण ती मायचं लिहिलेलं सुधारून वाचते. "पोट्टे" नाही म्हणत, "मुलं" म्हणते. माय डोळे वटारायची. मग तिनं लिहिणंच कमी केलं. फोन आला की जेवण झालं ना, बरं आहे ना, एवढ्यावर बायकोच आटपून टाकायची, आणि माय आपली पलंगावर पाठ करून पडलेली.

शेवटी बस स्टँडकडच्या एका दुकानातल्या मेकॅनिकला घरीच बोलावलं. दुकानात डब्बा न्यायला माझा जीव होईना. तिशीतला माणूस, अदबीनं बोलणारा. घरात मराठी, पण शाळा हिंदी, काम हिंदी. मला म्हणाला, "मराठी समझता पूरा हूँ अंकल, बोलने में गड़बड़ होती है." थोडंफार काम नागपूरला शिकून आला होता, मराठी म्हणजे तिथल्या क्लासातली, पुस्तकातली. त्यानं सगळं तपासलं आणि म्हणाला, डिस्क जिवंत आहे, सिस्टीम अर्धी जुनी अर्धी नवी होऊन अडकली आहे, उद्या सामान घेऊन येतो. मी त्याला बजावलं, डी ड्राइव्हला हात लावायचा नाही, घरचं सगळं त्यात आहे. त्यानं मान डोलावली. लग्नाचे फोटो, पेन्शनचे कागद, पावत्या, सगळं मी डी मध्येच ठेवतो. पडद्यावर समोर दिसतं ते सी मध्ये असतं, हे मला ठाऊक नव्हतं. समोर दिसतं ते समोर आहे, एवढंच मला माहीत.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसच्या कामानं लालबर्र्याला जावं लागलं. बायको शाळेत गेली होती, ती शिकवते. घरी माय एकटी. बैठकीत साहेबांनी सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले होते. बाहेर आलो तर मेकॅनिकचे फोन येऊन गेलेले दिसले. लावला तर म्हणाला, "हो गया अंकल, मक्खन चल रहा है." मी तिथंच टपरीवर दोन समोसे खाल्ले, इतका आनंद झाला.

घरी आलो. माय स्टुलावर बसली होती. पडद्यावर डोंगर आणि निळं तळं असा कुठला तरी परक्या देशाचा फोटो, आणि बाजूला एकच कचऱ्याची पेटी. बाकी मोकळं. मायनं पडद्याकडं बोट दाखवलं आणि हात हलवला, कुठं आहेत? तिला वाटत होतं, आत कुठं तरी ठेवले असतील, मी काढून देईन. मी डी उघडला. फोटो होते, कागद होते, पावत्या होत्या. मी नावानं शोधलं. जेवली काय, असं लिहून शोधलं. काही सापडलं नाही, असं उत्तर आलं.

मी उभ्याउभ्या दुकानात गेलो. रस्त्यात काय काय बोलायचं ते सगळं ठरवून गेलो, आणि दुकानात चार गिऱ्हाईकं होती तरी बोललो. माझा आवाज मायवर गेला आहे. त्या माणसानं हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाला, अंकल, विचारल्याशिवाय मी कधी करत नाही. आपको फोन लगाया, बंद था. मग मी माताजींनाच विचारलं. साफ सांगितलं, की माताजी, हे उठत नाही, सी ड्राइव्ह सगळं मिटवून नवीन टाकावं लागेल, समोरचं जे आहे ते जाईल. मिटा दूँ क्या?

"मग?" मी म्हटलं.

"उन्होंने स्लेट पे लिख के दिया. पुसून घे."

तो म्हणाला, मी दोनदा वाचलं अंकल. मी त्यांना म्हटलं, पक्का? त्यांनी मान हलवली, आणि पाटीवर बोट ठेवून पुन्हा दाखवलं. पुसून घे.

आता हे कसं सांगू. मायच्या गावात पुसणे म्हणजे विचारणे. जा, बापाले पुसून ये. कोनाले पुसून गेलता? लहानपणी आम्ही तिचं हे रोज ऐकलं. फरशीवर ती पोछा मारते, पाटीवर फडकं मारते. पुसणं तिच्या तोंडी फक्त विचारण्याचं. ती त्याला सांगत होती, बाबू येऊ दे, त्याले पुसून घे. त्यातला बाबू, म्हणजे मी, तिनं लिहिला नाही, कारण तिला वाटलं हे काय सांगायचं, घरात आणखी पुसायचं कोणाला. आणि या बिचाऱ्याला पुसणे म्हणजे फरशी पुसणे, पाटी पुसणे. तिला बोलता आलं असतं तर दुसऱ्याच वाक्याला उलगडा झाला असता. अरे बाबूले पुस म्हनते, बहिरा हायस काय, असं तिनं सुनावलं असतं. त्याचा काही दोष नव्हता. मी ज्या तोऱ्यात आलो होतो तो कुठं ठेवू ते मला कळेना. त्यानंच स्टूल पुढं केलं आणि पाणी दिलं.

त्याला मी कारण सांगितलं. त्याचा चेहरा पडला. त्यानं डिस्क काढून आणली आणि गेलेलं परत आणायचे जेवढे प्रोग्राम त्याच्याजवळ होते तेवढे सगळे लावले. पैसे घेतले नाहीत. काही फाइली निघाल्या, नावं जाऊन नुसते आकडे झालेले. आम्ही दोघं त्या एकेक करून ऐकत बसलो. बहुतेकींत नुसती खरखर. एकीत बाजारातलं कसलं तरी गाणं अर्धवट. एकीत एक श्वास घेतल्याचा आवाज होता, कोणी बोलायच्या आधी घेतं तसा, आणि पुढं खरखर. तो मायचाच असं मी म्हणालो. तो "हां अंकल" म्हणाला. पण तो कोणाचाही असू शकतो, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

डिस्क परत डब्ब्यात बसली. पेन्शनची साइट उघडते आता, पटकन उघडते. मी मायला सांगितलं, शोधणं चालू आहे. बायकोला खरं सांगितलं आणि बजावलं, मायला कळू द्यायचं नाही. ती म्हणाली, "किती दिवस?" मी तिच्यावरच चिडलो.

असा थोडा काळ गेला. मग एका रविवारी बहिणीचा फोन आला, बायको घरी नव्हती, आणि मी बाहेरून येईपर्यंत मायनं तो उचलला होता. बहीण तिकडून म्हणत होती, माय? माय, आहेस ना? माय स्टुलावर बसून मोबाइलवर नखानं टकटक करत होती. टकटक, टकटक. बहिणीला ते लाइन खराब असल्यासारखं वाटलं, ती ठेवते म्हणाली आणि ठेवला. मायनं मोबाइल टेबलावर ठेवला, पाटी घेतली, लिहिलं आणि माझ्यासमोर धरली.

त्यानं तुले पुसलं काय?

तिचा हिशेब सरळ होता. तिनं मेकॅनिकला सांगितलं होतं, मुलाला विचार. त्यानं विचारलं नसेल तर चूक त्याची. मग ती मला त्याच्याकडं भांडायला पाठवेल, नाही गेलो तर स्वतः पाटी घेऊन निघेल, आणि तो सज्जन माणूस तिला तिचेच दोन शब्द दाखवेल. त्यानं विचारलं असेल तर चूक माझी. तिसरं काही असू शकतं हे तिच्या डोक्यात नव्हतं. ते मी येऊ देणार नव्हतो. आपल्या हातानं आपला आवाज गेला, हे कळून तिनं त्या पलंगावर पडून राहायचं? नाही.

"हौ माय," मी म्हटलं. "पुसलं."

तिनं खाली लिहिलं, मंग तू काय म्हनला?

"मी म्हटलं, करून टाक."

तिनं पाटी बाजूला ठेवली आणि ती बोलायला लागली. पाटीवर नाही, तोंडानं, आधी बोलायची तसं. ओठ भराभर हलत होते, हात माझ्या तोंडासमोर येऊन परत जात होता, गळ्यावरचा रुमाल फडफडत होता. आवाज नव्हता. चाळीस वर्षं मी या बाईच्या शिव्या खाल्ल्या, पाठ आहेत मला, तरी त्यातला एक शब्द मला ओळखू आला नाही. मी मान खाली घालून उभा राहिलो. तिचं संपलं असं वाटल्यावर वर पाहिलं तर ती अजून बोलतच होती.

आता ती बहिणीला काय सांगायचं ते बायकोला लिहून देते. औषध संपलं तर बायकोला दाखवते. भाजी कोणती आणायची हे शेजारणीला पुसते. मले काही पुसत नाही.